ओल्या चादरीवरचं मूल

९ फेब्रुवारी १९३८. चादर उकळणे.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत त्या दिवसाखाली एवढंच लिहिलं आहे. बाकीचं लिहायला सवड नव्हती, आणि पुढे लिहायची गरज पडली नाही, कारण त्यातलं मी काही विसरले नाही.

चादर सूतिकागृहातली होती, खळ लावून कडक केलेली. खळीचं कापड पाणी धरत नाही आणि आम्हाला ती चिंब ओली हवी होती. म्हणून सोडा घालून हंड्यात उकळली, तीन पाण्यांतून काढली आणि पिळून पिळून पार मऊ केली. हे काम मोलकरणीवर टाकता आलं असतं. पण दुपारी मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं चादरीवर पाडायचा दिवा, यायचा होता, आणि त्यासाठी मी दोन महिने अर्ज केले होते. त्याची चादर मीच धुणार होते.

हुबळीच्या त्या सूतिकागृहात मी तेव्हा नर्स होते. वय एक्केचाळीस. माहेर धारवाडचं, त्यामुळे कानडी घरच्यासारखंच. म्हणून खेड्यांतल्या सुईणींना तीन आठवडे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सहा जणी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाई त्यांची परीक्षा घेणार होत्या. जी पास होईल तिला पत्र्याची पेटी मिळणार: कात्री, दोरा, कार्बोलिकचा साबण, बोरिकची पुडी. जी नापास होईल तिनं बाळंतपणाला जायचं नाही, असं गावोगावच्या पाटलांना कळवलेलं होतं.

माझी यादी तयार होती. पाच नावांपुढे ‘योग्य’. सहाव्या नावापुढे ‘अयोग्य. चित्र समजत नाही.’

ही सहावी म्हणजे अज्जी. साठीच्या पुढची, काळी, वाळकी, कपाळावर आडवं गोंदण. कलघटगीच्याही पलीकडे बैलगाडीनं दोन तास आत तिचं गाव. त्या गावात दुसरी सुईण नव्हती, जवळपासही नव्हती. तिला नापास केलं तर तिथल्या बायकांनी कुणाच्या हाती बाळंत व्हायचं, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पण नियम म्हणजे नियम, आणि अज्जीला तक्त्यावरचा एक प्रश्न येईल तर शपथ.

तक्ता वर्गाच्या भिंतीवर होता. सरकारनं पाठवलेला, रंगीत, गुळगुळीत कापडी कागदावर छापलेला. त्यात गरोदर बाई उभी चिरून दाखवलेली होती. डोकं नाही, पाय मांडीपाशी संपलेले, आत गर्भ आणि बाजूला अक्षरांच्या रेघा. पहिल्या दिवशी मी छडीनं दाखवायला लागले तशी अज्जी म्हणाली, “हिला कुणी कापलं?”

बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, “कापली नाही, अज्जी. आतलं दिसावं म्हणून तसं काढलंय.”

“जिवंत होती?”

“चित्र आहे ते!”

“मग चित्रात तरी का कापायची,” असं म्हणून तिनं मान खाली घातली, ती तीन आठवडे वर केली नाही. दिवस गेलेल्या बाईसमोर इकडे कोहळासुद्धा चिरत नाहीत. तिच्या दृष्टीनं मी रोज सकाळी भिंतीवर एक अपशकुन टांगत होते. हे मला कळायला हवं होतं. मी मात्र तिला मठ्ठ ठरवून मोकळी झाले.

तशी ती मठ्ठ नाही याचा पुरावा मला पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. हात धुण्याचा धडा होता. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, हे मी अर्धा तास सांगितलं. सगळ्या “हौद्री, हौद्री” म्हणत होकाराच्या माना डोलवत राहिल्या आणि धड्यानंतर हातावर दोन थेंब घेऊन मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी चिडून काजळी खोबरेल तेलात कालवली, सगळ्यांच्या हातांना चोपडली, डोळे बांधले आणि म्हटलं, “आता धुवा.” डोळे सोडले तेव्हा नखांत, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मागे काळं तसंच. अज्जी आपल्या हातांकडे बघतच राहिली. मग कुणी न सांगता विहिरीवर गेली आणि राखेनं अंगठ्याची मागची बाजू घासत बसली. त्या दिवसापासून तिचा अंगठा मी कधी घाण पाहिला नाही. नखं मात्र तिनं कापू दिली नाहीत.

यावरून मी काही शिकायला हवं होतं. शिकले नाही. काजळी हा मला घरगुती तोडगा वाटला. खरं शिक्षण म्हणजे तक्ता, आणि त्याहून खरं म्हणजे लँटर्न.

लँटर्न एका मुलांच्या शाळेचा होता आणि तो चालवायला त्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर आले. सज्जन माणूस, पन्नाशीचे, कोटाची सगळी बटणं लावलेली. एरवी ते पुराणातल्या काचा दाखवत. आमच्या काचा कसल्या आहेत हे कळल्यावर त्यांनी घाम पुसला.

“नर्सबाई, मी बायकांच्या खोलीत बसणार नाही.”

“बसू नका. दाराला चादर लावते. तुम्ही व्हरांड्यात, आम्ही आत. ओल्या चादरीतून उजेड पार येतो.”

“आणि चित्राकडेही बघणार नाही.”

“मग काच कशी लावाल?”

“कोपऱ्यात खुणेचा ठिपका चिकटवलेला असतो. बोटांना लागतो. काच उलटी घालायची, म्हणजे पडद्यावर सुलटी दिसते. मान फिरवून घालीन.”

चार वाजता खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दारात चादर ताणली आणि वरून तांब्यानं पाणी सोडलं. सहा जणी जमिनीवर बसल्या. मी चादरीच्या कडेला, बायकांकडे तोंड करून, हातात डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं भाषण आणि वाचायपुरती एक पेटती चिमणी. माझी पाठ चित्राकडे. चित्र मला पाठ होतं, बघायचं काय!

मास्तरांनी दिवा मोठा केला आणि बायकांच्या तोंडून एकदम “अय्यो!” निघालं. त्यांचे चेहरे उजळले तेवढंच मला दिसलं. मी वाचायला लागले.

“नऊ महिने भरल्यावर मूल पोटात असं असतं. डोकं खाली, बूड वर. कसं असतं?”

“डोकं खाली, बूड वर,” पाच जणी म्हणाल्या. सगळ्यांत मोठा आवाज अळणावरच्या बाईचा. ती तिथल्या लाकडाच्या डेपोतल्या रखवालदाराची बायको, वर्गात सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत हुशार. तक्त्यावरची अक्षरं तिला डोळे मिटून येत.

“अज्जी, तू बोलली नाहीस. वर बघ. इथं कुणाला कापलेलं नाही.”

ते खरं होतं. काचेवर पोटाची नुसती एक गोल रेघ होती आणि आत मूल. अज्जीनं मान वर केली. थोडा वेळ बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, माझ्या शेजारून चादरीपाशी गेली आणि दोन्ही तळहात तिनं चित्रावर ठेवले.

मी वळले ते तिला ओरडायला. ओरडायचं राहून गेलं. उजेड पलीकडून येत होता, त्यामुळे तिच्या हातांची सावली कशावर पडत नव्हती; उजळलेल्या पोटावर दोन काळे हात तेवढे दिसत होते. तक्त्यावरची बाई वीतभर होती. हे पोट भरल्या पोटाएवढं होतं, ओलं होतं आणि वाऱ्यानं जरासं हलत होतं. अज्जी ते चाचपत होती. खालून वर, मग दोन्ही कुशींना, जसं आपण दाबून बघतो तसं. पाणी तिच्या कोपरांवरून निथळत होतं.

“अक्कोरे,” ती म्हणाली. इकडे शिकवणाऱ्या बाईला तशी हाक मारतात. “गाडी जोडायला सांगा. हे पायाळू आहे.”

बायका खिदळल्या. अळणावरची म्हणाली, “अज्जी, अक्कोरू सांगतायत डोकं खाली, आणि तू चादरीला बाळंत करायला निघालीस!”

“तुझे अक्कोरू तिकडे तोंड करून उभे होते,” अज्जी म्हणाली. “डोकं इथं वर आहे. तुला डोळे आहेत ना?”

मी पाहिलं. डोकं वर होतं. मूल पोटात मांडी घालून बसल्यासारखं दिसत होतं.

मी चादरीतून हाक मारली, “मास्तर, काच उलटी लागलीय!”

“नाही बाई. उलटी लागली होती. मी सुलटी केली.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी सांगायला कशाला हवं? मूल डोक्यावर उभं होतं!”

“म्हणजे तुम्ही बघितलंत?”

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. “दिवा मोठा करण्याआधी, तो नीट बसलाय का ते बघायला… एकदाच मान वळवली. वाटलं, बायकांसमोर असं उलटं मूल काय दाखवायचं.”

हशा झाला. मीही हसले. पण हसता हसता मला एक गोष्ट दिसली आणि हसू थांबलं. समोर डोकं वर दिसत असताना पाच जणींनी मला “डोकं खाली” म्हणून सांगितलं होतं. त्या मी ‘योग्य’ लिहिलेल्या पाच. तीन आठवडे मी त्यांना शिकवलं होतं ते एवढंच, की अक्कोरू म्हणतील ते म्हणायचं. आणि पायाळू मूल पुढे आल्यावर बाईला दवाखान्यात न्यायला गाडी जोडायला जिनं सांगितलं, तिच्यापुढे मी ‘अयोग्य’ लिहिलं होतं.

मी काचेचा खेळ तिथंच थांबवला. मास्तरांना चहा पाठवला.

शिवरात्र जवळ आली होती, स्वयंपाकघरात कवठं आणलेली होती. एक चांगलं मोठं कवठ घेतलं, फडक्यात बांधलं, त्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, खालच्या टोकाला कापसाचा बोळा. कवठ आणि गुंडाळी यांच्यामध्ये बांधणी सैल ठेवली, मानेसारखी. एका उशीतला निम्मा कापूस काढून हे बाहुलं आत घातलं आणि लांब टाके घालून तोंड शिवलं. हे का केलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की अज्जीचे हात अजून ओले आहेत, तोवर त्यांना काहीतरी द्यावं.

उशी टेबलावर ठेवली. अज्जीनं हात पुसले, डोळे मिटले.

“डोकं खाली. पाठ तुमच्या बाजूला. हे सरळ येईल.”

मी कोपऱ्यात जाऊन टाके सोडले, बाहुलं फिरवलं, पुन्हा शिवलं.

“बूड खाली.”

“कशावरून? कापूसही गोल, कवठही गोल.”

“अय्यो, अक्कोरे! डोकं हलवलं की एकटं हलतं. बूड हलवलं की सगळं अंग हलतं. इकडे या.” तिनं माझा हात धरला, उशीवर ठेवला आणि वरून आपली बोटं दाबली. कवठ माझ्या बोटांखाली टुणकन सरकलं आणि परत आलं. “हे डोकं.” मग दुसऱ्या टोकाला. तिथं दाबलं की सगळं बाहुलं जागचं हलत होतं. “हे बूड.”

माझ्या इंग्रजी पुस्तकात हीच गोष्ट दोन पानं आहे. मी ती पानं पाठ करून परीक्षा दिली होती, पंधरा वर्षं पोटं तपासली होती, आणि तरी ती इतकी स्वच्छ मला कुणी कधी सांगितली नव्हती. तिनं सांगितलीही नाही. माझ्या हाताला दाखवली.

सात वेळा मी बाहुलं फिरवलं. सातही वेळा ती बरोबर होती. एकदा मी मान मागे मोडून ठेवली होती, ती म्हणाली, “याचं तोंड वर आहे, हे दमवणार.” एकदा बांधणी सुटली होती ती मला ठाऊक नव्हती, तिनं सांगितलं, “याची मान तुटली, पुन्हा बांधा.” बायका आता टेबलाभोवती दाटल्या होत्या. तक्त्याकडे कुणाची नजर नव्हती.

म्हणून तिला सगळं येत होतं असं कुणी समजू नये. नाळ ती विळ्यानं कापायची आणि वर शेणीची राख लावायची. अशा राखेनं धनुर्वात होऊन गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या हातांत जेवढं ज्ञान होतं तेवढीच नखांत माती होती. दोन्ही खरं होतं.

साडेपाचला डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. “हा काय बाजार भरलाय?”

मी सांगितलं. त्यांनी उशी बोटानं टोचून पाहिली.

“उद्याचे प्रश्न तक्त्यावरचे आहेत. तक्ता सरकारनं पाठवलाय, नर्सबाई.”

“तक्त्याला कळा येत नाहीत, बाई.”

हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. त्यांना उलटून बोलायची माझी रीत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उशी उचलली आणि शेजारच्या खोलीत नेली. पाच मिनिटांनी परत आणून टेबलावर ठेवली. टाके त्यांचे होते, बारीक, एकसारखे.

“सांग, अज्जी.” त्यांचं कानडी तोडकंमोडकं होतं.

अज्जीनं खालचं टोक दाबलं. काही नाही. वरचं दाबलं. काही नाही. मग बोटं हळूहळू कुशींकडे गेली आणि थांबली. या वेळी तिनं डोळे उघडले.

“डोकं या कुशीला, बूड त्या कुशीला. आडवं आहे.”

“मग तू काय करशील?”

“काही नाही. आत हात घालणार नाही. गाडी जोडायला सांगीन, इथं घेऊन येईन.”

“गाडी नसली तर?”

“आमच्या गावात अकरा गाड्या आहेत, डॉक्टरअक्का. कुणाची कुठं उभी असते ते मला ठाऊक आहे.” उशीवरचे हात काढून घेत ती म्हणाली, “एकदा हात घातला होता.”

पुढचं आम्ही विचारलं नाही. खोलीत सहा सुईणी होत्या. त्यांतल्या कुणालाच विचारायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाई उगाचच बेसिनपाशी गेल्या आणि हात धुतले. पुसता पुसता मराठीत मला म्हणाल्या, “नर्सबाई, मी शिकले तिथं हा प्रश्न विचारला की निम्म्या मुली मूल कसं फिरवायचं ते सांगायच्या. ‘मी फिरवणार नाही’ असं म्हणायला मला दहा वर्षं लागली.”

“मग उद्या?”

“उद्या दहाला येते. सगळ्यांना उशीवरच विचारणार. तक्ता राहू दे भिंतीवर, पाहुणे येतात त्यांना बरा दिसतो.” दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आणि तिची नखं! ती नखं घेऊन ती माझ्यासमोर आली तर पेटी विसरा. हात कितीही शहाणे असोत.”

हे मी कानडीत सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त धसका अळणावरच्या बाईनं घेतला. “उशीवर? मला तर अक्षरं येतात!” मग तीच अज्जीच्या शेजारी जाऊन बसली. “अज्जी, माझा हात धर ना, मघाशी अक्कोरूंचा धरलास तसा.”

“चादरीला बाळंत करणाऱ्या बाईकडून शिकणार तू?” अज्जी म्हणाली. पण हात धरला. दिवेलागणीपर्यंत त्या दोघी त्या उशीवर वाकून बसल्या होत्या. पोरीची बोटं चुकली की अज्जी तिच्या मनगटावर टिचकी मारायची, बरोबर आली की काही म्हणायची नाही. मी बाजूला पट्ट्या गुंडाळत बसले होते. मधेच लक्षात आलं की बराच वेळ माझे हात थांबलेले आहेत आणि मी नुसती बघते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अज्जीला विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं आणि कात्री काढली. ती हात मागे घ्यायला लागली.

“ही नखं शेंगा सोलायची आहेत, अक्कोरे!”

“शेंगा सुना सोलतील. हात पुढे कर.”

दहाही नखं मांसापर्यंत कापली. काजळी आणली, चोपडली, डोळे बांधले, धुवायला लावले. पाण्यात काय उतरलं ते उतरलं, हातावर काही उरलं नाही. तिनं दोन्ही हात उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, “हे माझे वाटत नाहीत.”

मग आत आले. यादीतलं ‘अयोग्य. चित्र समजत नाही’ हे खोडलं आणि जागा कोरी ठेवली. दहाला काय व्हायचं ते होऊ दे. बाकीच्या पाच जणींपुढचं ‘योग्य’ही खोडलं. स्वयंपाकिणीला सांगितलं की उरलेल्या कवठांना हात लावायचा नाही, चटणी दुसऱ्या कशाची तरी कर. दोरीवरची चादर वाळली होती, उकळून उकळून अगदी पोटाच्या कातडीसारखी मऊ झाली होती. ती काढली, मधोमध टरकन फाडली, पुन्हा फाडली, आणि दहाच्या आत कवठाच्या आणखी बाहुल्यांसाठी पोटाएवढ्या पिशव्या व्हाव्यात म्हणून शिवणयंत्रावर बसले.